आपला अबोला मराठीतला

प्रिय जाऊबाई,

वाकून नमस्कार. पाकीट बघून दचकू नका, कुणाला काही झालेलं नाही. तुमचे दीर ठणठणीत आहेत, आत्ताच जेवून काउंटरमागच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेत. एका जिन्याच्या अंतरावर राहणारी बाई पत्र लिहिते, हे काय नवीन थेर, असं तुम्ही म्हणाल. पण तेही मनातल्या मनात म्हणाल, मला म्हणणार नाही, कारण आपला अबोला आहे. म्हणूनच तर कागद पुढे ओढला.

आपल्या लॉन्ड्रीत काहीच घडत नाही ती दुपारची वेळ आहे. मशीन शेवटचे गरके मारून थांबलंय, इस्त्र्या गार होतायत, वाफ अजून छताशी रेंगाळतेय. मागच्या खिडकीतलं ऊन त्या वाफेतून गाळून आत येतं आणि हँगरला लावलेले पांढरे शर्ट त्यात हलके हलके हलत राहतात. अशा वेळी मला वाटतं की मी जागी नाहीच, कुणाच्या तरी झोपेत जाऊन बसलेय. तुम्हालाही तसंच वाटत असेल. या वेळेला तुमचा हात इस्त्रीवर तसाच थांबतो आणि तुम्ही खिडकीकडे बघत राहता, ते मी कितीदा पाहिलंय. काय बघता ते विचारलं मात्र कधी नाही.

सकाळी चादरी वाळत घालायला गच्चीत गेले तर तुमच्या दोन्ही सुटकेसा उन्हात उघड्या पडलेल्या. रविवारी तुमचा टिल्लू तुम्हाला न्यायला येणार, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि सुटकेसचं अस्तर बघणं वेगळं. ओल्या चादरींचं पाणी त्यांच्यावर ठिबकेल म्हणून मी दोरी बदलली. खरं सांगू? आधी मुद्दाम त्याच दोरीवर चादरी घालाव्याशा वाटल्या होत्या. ओल्या सुटकेसा घेऊन कुणी गावाला निघत नाही. पण तुमचं सामान भिजवायला माझा हात काही धजला नाही.

आपलं बिनसलं कशावरून, हे आता दुसऱ्या कुणाला सांगायला गेलं तर लोक हसतील. भांडण आपलं नव्हतंच. भावाभावांचं होतं, ड्रायर घ्यायचा की नाही यावरून. मोठे भावोजी म्हणायचे, डोक्यावर ऊन आहे तोवर ड्रायर कशाला. तुमचे दीर म्हणायचे, गिऱ्हाईक उन्हासाठी थांबत नाही. शब्दाने शब्द वाढला, दोघांनी तोंडं फिरवली, आणि नवऱ्याची बाजू घ्यायची म्हणून आपणही फिरवली. मग एका संध्याकाळी दोघं भाऊ मॅच बघायला एका खोलीत बसले, शेवटच्या क्षणी दोघांनी एकदमच आरोळी ठोकली आणि गळ्यात गळे घातले. झालं. त्यांचं मिटलं, पुढच्या महिन्यात ड्रायरही आला. आपल्याला मात्र कुणी सांगितलंच नाही, की बायांनो, तुमचंही मिटलं. मला वाटे, त्या मोठ्या आहेत, मोठेपणा त्यांनी दाखवावा. तुम्हाला वाटत असणार, ही लहान आहे, हिने आधी यावं. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात, अबोलाही एका तोंडाने धरता येत नाही. आपण दोघींनी मिळून तो धरला आणि इतका नेटका चालवला की संसारसुद्धा कुणी इतका नेटका केला नसेल.

बोलायचं नाही म्हणून सांगायचंही नाही, असं थोडंच चालतं? दुकान एक, जिना एक, पाण्याची टाकी एक. टाकी भरली, मोटार बंद करायला हवी, हे तुम्ही भिंतीला सांगायच्या. आज दूध जास्त आलंय, कुणाला हवं असेल तर घ्यावं, हे मी इस्त्रीला सांगायचे. टिल्लू घरात होता तोवर दोन्ही मजल्यांचे निरोप तोच न्यायचा-आणायचा. इंजिनिअर झाला नसता तर हमखास पोस्टमन झाला असता. तो शिकायला गेला आणि आपल्याला भिंत आणि इस्त्रीच उरली. तुमचे दीर आधी वैतागायचे, मग त्यांनाही सवय झाली. आमच्या घरातल्या भिंतींना कान आहेत आणि बायकांना तोंड नाही, असं ते गिऱ्हाइकांना सांगत सुटायचे.

आणि मग मोठे भावोजी गेले. त्या दिवसांत घर माझ्या हातात होतं. माणसं येत होती, जात होती, मी चहा करत होते, तुमच्या उशाशी पाण्याचा ग्लास भरून ठेवत होते, आणि तुम्ही तो मुकाट्याने पीत होतात. पोटात बोलणं मावत नव्हतं. पण इतकी वर्षं न वापरलेलं बोलणं ऐन दुःखात बाहेर काढायचं तर कुठून काढायचं, हे मला उमगेना. तुम्हालाही उमगत नसावं, कारण एकदा तुम्ही माझ्याकडे डोळे वळवलेत आणि ओठ हलले. मी जवळ आले, पण तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मग मी उशीचा अभ्रा बदलला आणि बाहेर गेले.

त्यानंतरचं ते गप्प वर्ष तुम्हाला ठाऊक आहेच. त्या वर्षातला एकही रंग मला आठवत नाही, सगळं धुतलेल्या चादरीसारखं पांढरं. मग रस्त्याच्या टोकाला विमानातल्या नोकऱ्यांचं ट्रेनिंग सेंटर उघडलं आणि आपल्या दुकानात गर्दी होऊ लागली. कुठकुठच्या देशांतली ती पोरं-पोरी, कुणी ताडमाड, कुणी ठेंगणी, सगळ्यांचे गणवेश निळे-पांढरे आणि सगळ्यांची बोली एकच, इंग्रजी. काउंटरवर शर्टांचा ढीग टाकायची, हसून काहीतरी बोलायची, आणि आपण दोघी काउंटरच्या दोन टोकांना उभ्या राहून येस येस करायचो. त्या कुरळ्या केसांच्या पोरीने शर्टाला स्टार्च अजिबात नको म्हणून सांगितलं असताना आपण येस येस म्हणून तो पत्र्यासारखा कडक करून दिला. तिने तो काउंटरवर उभा करून दाखवला आणि शर्ट खरंच उभा राहिला. तुमच्या दिरांनी कपाळावर हात मारला आणि त्याच आठवड्यात दोघींची नावं इंग्रजीच्या क्लासात घातली.

क्लासातल्या एक्स्चेंजवाल्या बाईंना मी जन्मभर दुवा देईन. वाचनालयाच्या वरच्या त्या लांबट खोलीत, जिथे दुपारी पंखासुद्धा पेंगत फिरतो, बाईंनी आपल्याला काय दिलं ते त्यांना स्वतःलाही माहीत नाही. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. ज्यांच्याशी बोलल्या त्यातल्या एकाचंही तोंड त्यांनी पाहिलं नाही. म्हणून इंग्रजी कानाने येतं, डोळ्याने नाही, असं त्यांचं ठाम मत. तोंड बघून बोललात तर हातवारे करून वेळ मारून न्याल, असं म्हणत त्यांनी खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या आणि ज्या क्रमाने माणसं आली त्या क्रमाने जोड्या लावल्या. आपण दोघी एकाच रस्त्याने, एक पुढे आणि एक मागे, अशा आलो होतो. सलूनवाले काका औषधाच्या दुकानवाल्याच्या पाठीला लागले आणि मी तुमच्या. आपल्यात अबोला आहे हे बाईंना कोण सांगणार? तुम्ही सांगायला गेला असतात तर मला समजलं असतं, आणि मी गेले असते तर तुम्हाला.

फोनवर बोलतोय असं समजा, म्हणाल्या बाई. आणि माझ्या पाठीमागून तुमचा आवाज आला, ‘हॅलो, हाउ आर यू?’ जाऊबाई, मी खुर्चीत एकदम ताठ झाले. तुमचा आवाज मी रोज ऐकत होते, पण तो भिंतीसाठी असायचा. हा माझ्यासाठी होता. हाउ आर यू, म्हणजे कशी आहेस, असं मला या घरात इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. समोरच्या खिडकीत एक कबूतर बसलं होतं, त्याच्याकडे बघत मी म्हटलं की आय अॅम फाइन, थँक यू. फाइन कसली, डोळे भरून आले होते. पण बाईंची पद्धत अशी की तोंड बघायचंच नाही, त्यामुळे निभावलं.

घरी येताना पुन्हा एक पुढे, एक मागे, तोंडातून चकार शब्द नाही. त्या रस्त्यावर मी मनाशी पक्कं केलं की इंग्रजीतलं धरायचं नाही. तो अभ्यास. आपला अबोला मराठीतला, तो जागच्या जागी आहे, त्याला धक्का लागलेला नाही. तुम्हीही तसंच ठरवलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी काउंटरवर, माझ्याकडे न बघता, तुम्ही ‘प्लीज पास द हँगर’ म्हणालात. मी हँगर दिला आणि ‘यू आर वेलकम’ म्हटलं. तुमच्या दिरांच्या हातातला कप तसाच राहिला. ते आळीपाळीने दोघींकडे असे बघायला लागले, जसे आपण त्या ट्रेनिंगच्या पोरांकडे बघायचो.

मग तर काय, ताळतंत्रच सुटलं. द टँक इज फुल. द मिल्क इज बॉइलिंग. देअर इज अ लिझर्ड ऑन द सीलिंग. पाल बघून मराठीत किंचाळायचं आणि मग इंग्रजीत सांगायचं, हा आपला नियम. किंचाळणं अबोल्यात बसतं, असं आपण न बोलताच ठरवून टाकलं होतं. शब्द अडला तर हातातलं काम थांबायचं. एकदा तुम्हाला चिमटा हवा होता, दोरीवर कपडे अडकवायचा. त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते दोघींनाही ठाऊक नव्हतं, म्हणून ती चादर उडून शेजारच्या गच्चीत गेली. तरी कुणी मराठीत चिमटा म्हटलं नाही. अशा शहाण्या आपण.

आणि ते वाक्प्रचार. बाई रोज नवे द्यायच्या आणि आपल्याला वाटायचं की इंग्रजी भाषा कुणा परटाच्या घरीच जन्मली असावी. मनातली वाफ मोकळी करणं म्हणजे लेट ऑफ स्टीम. भांडण मिटवणं म्हणजे त्यालाही इस्त्रीच फिरवायची, आयर्न आउट. घरचे मळके कपडे चारचौघांत धुऊ नयेत, हे बाईंनी सांगितलं तेव्हा मी पाठीमागे म्हटलं की बट दिस इज अवर बिझनेस, आणि तुम्ही हसलात. मोठ्याने नाही, पण तुमच्या खुर्चीची पाठ माझ्या पाठीला लागलेली होती आणि ती हलायला लागली. सलूनवाले काका कशालाही पीस ऑफ केक, म्हणजे अगदी सोपं, असं म्हणायचे, कठीण असलं तरी आणि बाईंनी हजेरी विचारली तरी. तुम्हाला बरं नव्हतं तेव्हा तुम्ही अंडर द वेदर आहात असं म्हणालात, आणि मला ते फार आवडलं. आपल्याकडे म्हणतो की अंगात कसकस आहे, कणकण आहे. त्या दिवशी मला डोळ्यांसमोर दिसलं की वर ढग आणि त्याच्या खाली तुम्ही, एकट्या, शाल घेऊन. मी काढा वगैरे काही विचारलं नाही. ‘टेक रेस्ट’ म्हटलं आणि तुमच्या वाटच्या पँटींना इस्त्री केली.

कितीतरी महिने आपल्याला फक्त वर्तमानकाळच येत होता. याचा किती फायदा झाला म्हणून सांगू. जुनं काही उकरून काढताच येईना. तू तेव्हा असं म्हणाली होतीस, तुम्ही तेव्हा तसं वागला होतात, हे म्हणायला लागणारी क्रियापदं अजून शिकवलेलीच नव्हती. जे काही होतं ते आज होतं, आत्ता होतं. ऊन आहे. शर्ट ओला आहे. मी इथे आहे, तुम्ही तिथे आहात. मी कधी कधी दुपारी इस्त्री करता करता तेवढीच वाक्यं मनाशी म्हणत राहायचे आणि मला एखाद्या लहान मुलासारखं वाटायचं, ज्याच्या मागे अजून काही घडलेलंच नाही. भूतकाळाचा धडा आला तेव्हा मी वही उघडलीच नाही. म्हटलं, आता संपलं, आता ड्रायर निघणार. पण बाईंनी यूज्ड टू शिकवलं, म्हणजे पूर्वी आपण असं करायचो, आणि जोडीदाराला एक वाक्य सांगा म्हणाल्या. तुम्ही आधी ते वाक्य हळूच पुटपुटून पाहिलंत. मग म्हणालात, ‘वी यूज्ड टु लाफ ऑन द टेरेस.’ मी येस एवढंच म्हटलं.

हो, हसायचो आपण गच्चीत. मी नवी नवरी होते, चादरी झटकताना एक टोक तुमच्या हातात आणि एक माझ्या, आणि तुम्ही मुद्दाम जोरात झटकायच्या म्हणजे मी ओढली जायचे. सासूबाई खालून ओरडायच्या की चादरी फाडाल. हे सगळं इंग्रजीत सांगायला मला आणखी दोन वर्षांचा क्लास लागला असता.

एका दुपारी बाईंनी दुःखाच्या वेळी काय म्हणायचं ते घेतलं. फळ्यावर वाक्य लिहून दिलं आणि जोडीदाराला म्हणा म्हणाल्या. सगळी खोली कुजबुजायला लागली, सलूनवाले काका औषधवाल्याला म्हणत होते, औषधवाला काकांना म्हणत होता, दोघांच्याही घरी सगळं क्षेम. मी म्हटलं, ‘आय अॅम सो सॉरी फॉर युअर लॉस.’ म्हणताना मला भावोजी दिसत होते, दुकानाच्या दारात उभे राहून आभाळाचा अंदाज घेणारे. खिडकीबाहेर कुणी तरी सायकलची घंटी वाजवली. मग माझ्या पाठीला तुमच्या खुर्चीची थरथर लागली, आणि तुमचं ‘थँक यू’ आलं. बाई म्हणाल्या, व्हेरी नाइस, आता अदलाबदल करा. आपण अदलाबदल केली नाही. त्या दिवशी घरी येताना तुम्ही पुढे होतात, पण चालत होतात हळू, आणि मीही मागे राहिले नाही. गेटापर्यंत आपण बरोबरीने आलो.

मला स्वप्नं पडायला लागली, जाऊबाई. आपण दोघी गच्चीत, चहूकडे चादरी वाळत घातलेल्या, इतक्या की कठडा दिसत नाही. त्या चादरींच्या गल्ल्यांमधून आपण फिरतोय आणि इंग्रजीत बोलतोय, अडखळत नाही, घसाघसा, त्या विमानातल्या पोरींसारखं. मोठे भावोजी एका चादरीआडून डोकावतात आणि इंग्रजीतच विचारतात की चहा होणार आहे का. मी तुम्हाला काहीतरी सांगत असते, फार मोठं, आणि तुम्ही मान डोलावत असता, आणि जाग आल्यावर मला एवढंच आठवतं की सांगून झालं. पोट हलकं असतं. मग खाली दुकानात येऊन तुम्हाला ‘गुड मॉर्निंग’ म्हणते आणि तुम्ही ‘गुड मॉर्निंग’ म्हणता. वाटायचं, असंच चालू राहील. बाईंकडे शिकवण्यासारखं काही ना काही असणारच, आणि आपण एकेक धडा करत म्हाताऱ्या होऊ.

मागच्या आठवड्यात गोइंग टू आलं. ठरलेल्या गोष्टीसाठी हे वापरायचं, बाई म्हणाल्या, नुसतं मनात आलं म्हणून नाही, सामान बांधायला काढलं असेल तेव्हा. वाक्यं खरी असलीच पाहिजेत असं काही नव्हतं. सलूनवाले काका चंद्रावर जाणार होते. औषधवाला दुकान विकून सर्कशीत जाणार होता. तुम्ही म्हणालात, ‘आय अॅम गोइंग टु लिव्ह विथ माय सन.’ मी कौतुकाने मान डोलावली. वाक्य छान जमलं होतं. मग काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं की ट्रू ऑर प्रॅक्टिस.

‘ट्रू,’ तुम्ही म्हणालात.

आणि माझ्या तोंडून व्हाय निघून गेलं. तेव्हा तुम्ही ते म्हणालात, अगदी शांतपणे, एकेक शब्द सावकाश ठेवत, ‘बिकॉज हिअर नोबडी टॉक्स टु मी.’

बाई आपल्या बाजूलाच उभ्या होत्या. त्यांना ते वाक्य इतकं पसंत पडलं की त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकही चूक नाही म्हणाल्या, आणि फळ्यावर लिहून सगळ्यांना मोठ्याने म्हणायला लावलं. सगळी खोली एका सुरात म्हणाली, हिअर नोबडी टॉक्स टु मी. सलूनवाले काका म्हणाले, औषधवाला म्हणाला. मीही म्हणाले, जाऊबाई. तुमच्या पाठीला पाठ लावून, सगळ्यांबरोबर, दोनदा.

घरी येईपर्यंत मला रागच आला होता. म्हटलं, कुणी बोलत नाही म्हणजे? मग मी दिवसभर काय कावळ्यांशी बोलते? गुड मॉर्निंग काय, हँगर काय, टाकी काय, पालसुद्धा सोडली नाही. जिन्यात तुम्ही वर गेलात, मी खालीच थांबले, आणि तिथे उभ्या उभ्या माझं डोकं ठिकाणावर आलं. इंग्रजीतलं धरायचं नाही हे आपणच ठरवलं होतं ना. मग आपल्याच नियमाने तुम्ही म्हणालात ते खरं आहे. भावोजी गेल्यापासून या घरात तुमच्याशी बोलणारं कुणी नाही. तुमचे दीर भले आहेत, पण ते शर्टांविषयी बोलतात. आणि माझ्याशी बोलणारं कुणी आहे का, हेही मला त्याच जिन्यात कळलं.

तेव्हापासून मी खटपट करतेय. आधी इंग्रजीत करून पाहिली. जाणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते बाईंना विचारलं, त्यांनी ढीगभर दिलं. कीप इन टच. टेक केअर. वी विल मिस यू. इस्त्रीवर वाकून सगळं पाठ केलं, पण प्रत्येक वाक्य काउंटरवरून गिऱ्हाइकाला दिल्यासारखं वाटायचं, वर प्लॅस्टिकचं कव्हर घालून. मग मराठीत करून पाहिली. परवा तुम्ही इस्त्रीसाठी शर्टांच्या कॉलरी पालटत होतात तेव्हा तुमच्या शेजारी येऊन उभी राहिले. काल टाकीपाशी. शब्द ओठांवर आले आणि ऐन वेळी मी खोकल्याचं निमित्त केलं. तुम्ही म्हणालात, ‘ड्रिंक वॉटर.’ मी जाऊन पाणी प्यायले.

म्हणून हे लिहिलं. टिल्लूकडे जायचं असेल तर जरूर जा. त्याच्या शाळेच्या शर्टांना मी इस्त्री केलीय, तो मला परका नाही, आणि त्याच्या लेकराला आजी हवीच. पण बोलायला कुणी नाही म्हणून जाऊ नका. मी आहे. आणि मनातलं विचाराल तर मुळीच जाऊ नका, राहा, मला तुमच्याशिवाय या घरात करमणार नाही. मला तुमच्याशी भावोजींबद्दल बोलायचंय. तुम्ही खिडकीतून काय बघता ते विचारायचंय. इतकी वर्षं काय केलंत म्हणून भांडायचंय, आणि तुम्हीही भांडा, सगळं उकरून काढा, मी ऐकून घेईन आणि सोडणार मात्र नाही. हे इंग्रजीत म्हटलं असतं तर तुम्ही अभ्यास समजून सोडून दिलं असतं, म्हणून मराठीत लिहिलं. पत्र तुमच्या दाराखालून सरकवून मी बाहेरच्या पायरीवर बसणार आहे. तुमचं वाचून होईल एवढा वेळ थांबेन, आणि मग आवाज कसाही निघाला तरी, जाऊबाई म्हणून हाक मारेन. ओ द्या.

तुमचीच,
धाकटी